चार फळ्या, एक भोक : कॉफीचा लाकडी स्टँड कसा घडतो

कागदी गाळणीतून कॉफी करायला फारसे सामान लागत नाही. शंकूच्या आकाराचा एक ड्रिपर, त्यात बसणारा गाळणकागद, दळलेली कॉफी आणि उकळून किंचित निवलेले पाणी, एवढे पुरते. ड्रिपरच्या बुडाशी चपटी कड असते. ती मगच्या काठावर टेकवली की वरून पाणी ओतायचे आणि खाली कॉफी उतरू द्यायची. मग त्यासाठी वेगळा लाकडी स्टँड करून कुणाला भेट द्यायची गरजच काय, असे कुणालाही वाटेल.

गरज आहे, कारण मगवर बसलेला ड्रिपर मगचे तोंड झाकतो. साधारण रीतीप्रमाणे १५ ग्रॅम कॉफीला २५० मिली पाणी घेतात. भिजलेली कॉफी आपल्या वजनाच्या दुपटीइतके पाणी धरून ठेवते, म्हणजे खाली साधारण २२० मिली उतरते. मग २०० मिलीचा असेल तर तो भरल्याचे कळते ते कॉफी ओट्यावर वाहू लागल्यावर. दुसरी अडचण वजनाची. चिनी मातीचा ड्रिपर ४०० ग्रॅमच्या आसपास भरतो. त्यात ओली कॉफी आणि पाणी धरले तर सगळा भार मगच्या काठाच्याही वर जातो. अशा डोईजड मनोऱ्याला कोपर लागले तर गरम पाणी अंगावर येते. शिवाय मग रुंद असला तर ड्रिपर आत घसरतो आणि निमुळता असला तर डगमगतो. स्टँड ड्रिपरचा भार स्वतःच्या रुंद पायावर घेतो आणि मगला मोकळे करतो.

कॉफीच्या चवीत मात्र स्टँड काहीच भर घालत नाही. चव ठरते ती दळण, पाण्याचे तापमान आणि ओतण्याचा वेग यांवर.

गाळणी आली कुठून

कागदातून कॉफी गाळण्याची रीत शंभर वर्षांहून जुनी आहे. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात मेलिटा बेन्ट्झ या गृहिणीने १९०८ साली पितळी भांड्याच्या तळाला भोके पाडली, त्यात मुलाच्या वहीतला टीपकागद घातला आणि कॉफीतला कडवट गाळ कपाबाहेर ठेवला. त्याच वर्षी तिने या युक्तीची अधिकृत नोंदणी केली. ड्रिपर आणि गाळणकागद ही जोडी तेव्हापासून रुळली.

लाकडी स्टँडची परंपरा मात्र कोस्टा रिकात सापडते. तिथल्या घरांतून ‘चोरेआडोर’ नावाचा स्टँड असतो. खाली पाया, त्यावर उभा आधार आणि वर गोल भोक. भोकात तारेच्या कड्याला शिवलेली कापडी पिशवी लोंबते, पिशवीत कॉफी घालून वरून गरम पाणी ओततात आणि खाली ठेवलेल्या कपात ती उतरते. पिशवी मऊ असल्यामुळे तिला स्वतःचा आधार नसतो, म्हणून तिथे स्टँड हा साधनाचाच भाग झाला. पीटर श्लुम्बोम याने १९४१ साली अमेरिकेत केलेल्या ‘केमेक्स’ या काचेच्या भांड्यालाही कमरेशी लाकडी पट्टा आहे. काच तापते, लाकूड उष्णता हळू वाहते, म्हणून भांडे हातात धरता येते. स्टँडलाही हा गुण उपयोगी पडतो, कारण ड्रिपर गरम झाला तरी फळीला हात लावता येतो.

मराठी घरात जायफळ घातलेली कॉफी दुधात उकळून चहाच्या गाळणीने गाळतात. दक्षिणेतला पितळी किंवा स्टीलचा फिल्टर म्हणजे एकावर एक बसणारी दोन भांडी. वरच्याला खालचेच पेलते. त्यामुळे दोन्ही ठिकाणी स्टँडची गरज पडली नाही. अलीकडे कागदी गाळणीची कॉफी शहरांतल्या काही घरांतही होऊ लागली आणि हातकाम येणाऱ्यांना भेटवस्तूचा हा नवा विषय मिळाला.

उंची ठरते मगवरून, पण थांबते खांद्याशी

स्टँडच्या दोन ठेवणी रूढ आहेत. एकीत मागे एकच उभी फळी असते आणि तिच्यातून आडवी फळी पुढे आलेली असते. हा स्टँड दिसायला हलका, पण आडव्या फळीचा सगळा भार एका सांध्यावर येतो. ड्रिपर, कॉफी आणि पाणी मिळून ७०० ग्रॅम धरले आणि ते सांध्यापासून १० सेंमी अंतरावर असले, तर सांधा जणू ७ किलोचा भार १ सेंमीवर पेलत असतो. सांध्याची खोली २ सेंमी असेल तर तिच्या दोन टोकांशी साडेतीन-साडेतीन किलोची ओढ बसते, तीही रोज. दुसऱ्या ठेवणीत दोन बाजूंना दोन उभ्या फळ्या, वर एक आणि खाली एक. भार सरळ खाली उतरतो, सांध्याला पीळ बसत नाही. पहिल्यांदाच करणाऱ्याने दुसरी ठेवण निवडावी.

आता आतली मोकळी उंची. साधारण मग ९ ते १० सेंमी उंच असतो. ड्रिपरचे खालचे तोंड फळीखाली एक-दोन सेंमी उतरते. त्याच्यात आणि मगच्या काठात बोटभर तरी फट हवी, म्हणजे धार दिसते आणि मग सरकवून काढता येतो. फट फार ठेवली तर थेंब उंचावरून पडतात, शिंतोडे उडतात आणि कॉफी लवकर निवते. एवढा हिशेब केला की मगसाठी १३-१४ सेंमी पुरतात. खाली काचेचा उभट जग ठेवायचा असेल तर १६ लागतात.

पण उंची वाढवण्याची किंमत वर मोजावी लागते. आतली १६ सेंमी आणि दोन फळ्यांची जाडी मिळून स्टँड १९ सेंमी, त्यावर ड्रिपरचा भाग ८-९ सेंमी आणि खाली वजनकाटा अडीच सेंमी धरला तर ड्रिपरचा काठ ओट्यापासून ३० सेंमीवर जातो. ओटा सहसा ८५ सेंमी उंच असतो, म्हणजे जमिनीपासून हा काठ ११५ सेंमी झाला आणि किटलीची चोच त्याच्याही वर. पाच फूट उंचीच्या माणसाचे कोपर जमिनीपासून साधारण ९५ सेंमीवर आणि खांदा १२५ सेंमीच्या आसपास असतो. उकळत्या पाण्याची किटली खांद्याजवळ उचलून बारीक, स्थिर धार सोडणे अवघड असते, धोक्याचेही. भेट घेणारी व्यक्ती बुटकी असेल आणि जग वापरत नसेल तर तीन सेंमी कमी करण्यातच शहाणपण आहे. विकतच्या स्टँडपेक्षा घरी केलेला सरस ठरतो तो इथे. तो एका माणसाच्या उंचीला आणि एका मगला बेतता येतो. त्यासाठी त्या घरचा मग एकदा गुपचूप मोजून घ्यावा लागतो, एवढेच.

वजनकाट्याचा पेच

हौशी लोक पाणी मापाने न घालता वजनाने घालतात. इथे स्टँडची रचना थेट कामात आडवी येते. काटा फक्त मगखाली ठेवला तर तो ओतलेले पाणी मोजत नाही, उतरलेली कॉफी मोजतो. कॉफीने धरून ठेवलेले ३० मिली आणि ड्रिपरमध्ये अजून तुंबलेले पाणी त्याच्या हिशेबातच येत नाही. ओतलेले पाणी मोजायचे तर सगळा स्टँड काट्यावर बसला पाहिजे, म्हणजेच त्याला खालची फळी हवी.

मग प्रश्न येतो काट्याच्या कुवतीचा. कॉफीसाठी विकले जाणारे बरेच काटे २ किलोपर्यंतच मोजतात. सागवानाचा एक घनसेंमी तुकडा साधारण ०.६५ ग्रॅम भरतो. २ सेंमी जाडीच्या, १३ सेंमी रुंदीच्या फळ्यांचा स्टँड केला तर लाकूड १,८०० घनसेंमीच्या आसपास लागते आणि त्याचे वजन ११०० ग्रॅमच्या वर जाते. त्यात ड्रिपर ४००, मग ३५० आणि कॉफी-पाणी २६५ ग्रॅम मिळवले की २ किलोची मर्यादा ओलांडली. फळीची जाडी दीड सेंमी आणि रुंदी १२ सेंमी केली की लाकूड साधारण ८०० ग्रॅमवर येते आणि एकूण भार १,८०० च्या आसपास राहतो.

दीड सेंमीची फळी हा भार पेलेल का? सहज. १६ सेंमीच्या अंतरावर ७०० ग्रॅम हे या जाडीच्या लाकडाला काहीच नाही. असे स्टँड वजनाने मोडत नाहीत. मोडतात ते सांधे सुटून, हातातून पडून किंवा पाण्याने.

लाकूड हवेतले पाणी पिते

फर्निचरवाल्याकडे फळी विकत घेतली म्हणजे तिची वाढ-घट थांबली असे नाही. लाकडाच्या आत बुंध्याच्या दिशेने धावणाऱ्या असंख्य बारीक पोकळ नळ्या असतात. सुतार त्यांना रेषे म्हणतात. या नळ्यांच्या भिंती हवेतला ओलावा शोषतात आणि जाड होतात, हवा कोरडी झाली की ओलावा सोडून बारीक होतात. खराट्याची जुडी पाण्यात भिजली की हीर फुगतात, जुडी जाड होते, पण हीर लांबीने वाढत नाहीत. लाकडाचेही तेच. रेषांच्या दिशेने ते जवळजवळ हलत नाही, आडव्या दिशेने मात्र सतत हलत राहते. पावसाळ्यात कपाटाचे दार अडकते ते रुंदीमुळे. उंचीने ते फारसे वाढलेले नसते.

आडव्या हालचालीतही दोन प्रकार आहेत. ओंडक्याच्या कापलेल्या टोकावर वर्तुळाकार वलये दिसतात. या वलयांच्या कडेकडेने लाकूड जितके हलते त्याच्या साधारण निम्मेच ते गाभ्याकडून सालीच्या दिशेने हलते. सागवान ओलेचिंब असल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत वलयांच्या दिशेने साधारण ५.८ टक्के आकसते, गाभ्याकडून सालीकडे अडीच टक्के. वखारीत फळी निवडताना तिच्या टोकाकडे पाहावे. वलयांच्या रेघा फळीच्या पाठीला समांतर दिसल्या तर ती फळी जास्त हलणारी, उभ्या दिसल्या तर कमी हलणारी. वखारवाला दोन्ही फळ्या एकाच भावात देत असेल तर उभ्या रेघांची उचलावी.

भेटवस्तूच्या बाबतीत ही गोष्ट फार महत्त्वाची ठरते, कारण ती करणाऱ्याच्या घरी राहत नाही. समजा स्टँड जुलैमध्ये रत्नागिरीत तयार झाला. हवेत ८५ टक्के आर्द्रता असेल तर लाकूड सावकाश त्याच्याशी जुळवून घेत आपल्या वजनाच्या साधारण १८ टक्के पाणी धरते. तोच स्टँड पुढच्या मे महिन्यात नागपूरला ओट्यावर असेल, हवेत ३० टक्केच आर्द्रता, आणि लाकडात उरेल ६ टक्क्यांच्या आसपास पाणी. लाकूड आकसायला लागते ते पाणी २८ टक्क्यांच्या खाली आल्यावर. त्या २८ पैकी १२ टक्के गेले तर ५.८ टक्क्यांच्या साधारण त्रेचाळीस टक्के आकसणे होणार, म्हणजे अडीच टक्के. १२ सेंमी रुंदीची फळी ३ मिमी अरुंद होईल. सांध्यात चीर पडायला एवढे खूप झाले.

भोक वाढते की लहान होते?

पाणी पिऊन फळी फुगली तर तिच्यातले भोक लहान होईल, असे बहुतेकांना वाटते. लाकूड चारी बाजूंनी भोकात घुसेल, अशी कल्पना त्यामागे असते. प्रत्यक्षात उलटे घडते. फळी मोकळी असेल तर भोकही फळीच्याच प्रमाणात वाढते. भोकाच्या जागी लाकूड असते तर तेही फुगलेच असते; भोकाचा काठ म्हणजे त्या लाकडाची सीमा, आणि ती बाहेरच सरकते. फळी आकसली की भोकही आकसते.

त्यातही ते एकाच दिशेने आकसते. रेषांच्या दिशेने ७० मिमी व्यास ७० मिमीच राहतो. आडव्या दिशेने अडीच टक्के जाऊन तो ६८.३ मिमी होतो. गोल भोक किंचित लंबगोल होते. ड्रिपरचा कडेखालचा गोल भाग ६९ मिमी असेल तर रत्नागिरीत छान बसलेला ड्रिपर नागपुरात बसणार नाही. म्हणून भोक ड्रिपरच्या खालच्या भागापेक्षा निदान ३-४ मिमी मोठे आणि त्याच्या चपट्या कडेपेक्षा पुरेसे लहान ठेवतात. कड सगळीकडून निदान अर्धा सेंमी तरी लाकडावर टेकली पाहिजे. भोक फार मोठे झाले आणि ड्रिपर एका बाजूला सरकला तर तिरका होतो, पाणी एका अंगाने वाहते.

यावरून फळ्यांची मांडणीही ठरते. वरच्या फळीचे रेषे एका पायापासून दुसऱ्या पायाकडे धावायला हवेत. भोक पाडल्यावर पुढे आणि मागे अडीच-अडीच सेंमीच्या दोन पट्ट्या उरतात. रेषे त्यांच्या लांबीने असले तर त्या पट्ट्या चिवट राहतात. रेषे आडवे असले तर स्टँड हातातून पडताक्षणी भोकाच्या कडेने फळी दुभंगते. उभ्या फळ्यांचे रेषे वर-खाली. खालच्या फळीचे वरच्यासारखेच. अशी मांडणी केली की चारही फळ्या पुढे-मागे या एकाच दिशेने फुगतात आणि एकाच दिशेने आकसतात, त्यांची आपसात ओढाताण होत नाही. उंची तर बदलतच नाही, कारण ती रेषांच्या दिशेने आहे.

लाकूड कोणते

महाराष्ट्रात पहिले नाव सागवानाचे. आलापल्ली आणि बल्लारशा ही नावे सुतारांच्या तोंडी असतात ती सागामुळे. सागात नैसर्गिक तेलकटपणा असतो, त्यामुळे तो पाण्याला दाद देत नाही; पण त्याच तेलामुळे गोंद नीट धरत नाही. चिकटवण्याच्या थोडे आधी सांध्याची जागा थिनरच्या फडक्याने पुसली की हा दोष जातो. सागात वाळूसारखे कठीण कण असतात आणि पटाशीची धार लवकर बोथटते. त्याचा भुसा नाकाला आणि कातडीला झोंबतो, तेव्हा घासताना मास्क हवाच.

कोकणात फणसाचे लाकूड मिळते. ते पिवळे असते, काही वर्षांत तांबूस तपकिरी होते. भेटीसाठी हा बदलता रंग फार देखणा. आंबा स्वस्त, पण नीट वाळवून प्रक्रिया केलेला नसेल तर त्याला कीड आणि बुरशीचे काळे डाग लागतात. बाभूळ कणखर, मात्र हत्याराला जड. कॉफीशी नाते जोडायचेच असेल तर सिल्व्हर ओक पाहावा. दक्षिणेतल्या कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी हे झाड लावतात आणि त्याच्या फळीवर जाळीदार नक्षी असते. खुद्द महाराष्ट्रात कॉफीचे मळे म्हटले की अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्याचे नाव निघते.

एमडीएफ घेऊ नये. पाणी लागले की ते फुगते आणि पुन्हा बसत नाही.

फळी कोणतीही असो, ती घरात आणून दोन-तीन आठवडे हवेशीर ठेवावी. सुकली का हे पाहायला यंत्र लागत नाही. तिचा एक तुकडा दर दोन दिवसांनी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवावा. वजन उतरायचे थांबले की लाकूड घराच्या हवेशी जुळले.

सांधे : गोंद कुठे धरतो

उभ्या फळीचे कापलेले टोक वरच्या फळीला नुसते चिकटवले तर सांधा दुबळा राहतो. त्या टोकाला नळ्यांची तोंडे उघडी असतात आणि त्या गोंद शोषून घेतात. जोडाच्या जागी गोंद उरतच नाही. रेषांच्या कडेकडेने चिकटवलेला जोड मात्र इतका पक्का होतो की तोडायला गेले तर शेजारचे लाकूड आधी फाटते.

यावर सोपा उपाय म्हणजे खोबण. वरच्या आणि खालच्या फळीत टोकाजवळ ५ मिमी खोल खोबण काढायची आणि उभी फळी तिच्यात बसवायची. सोबत प्रत्येक टोकाला दोन लाकडी खुंट्या. खुंटीचे भोक दोन्ही फळ्यांत अगदी समोरासमोर यावे लागते, नाहीतर सगळा स्टँड पिळतो. उभी फळी कापताना खोबणीची खोली मिळवायला विसरता कामा नये. मोकळी उंची १६ सेंमी हवी तर फळी १७ सेंमी कापायची, कारण अर्धा-अर्धा सेंमी खोबणीत जातो. पुढून मागून ढकलल्यास असा स्टँड हलत नाही, पण उजवी-डावीकडे डोलू शकतो. मागे, वरच्या फळीच्या खाली, ३-४ सेंमी उंचीची एक पट्टी दोन्ही पायांमध्ये बसवली की डोलणे बंद.

गोंद पाणी सहन करणारा घ्यावा. बाजारात तो मरीन या नावाने मिळतो. चिकटवण्याआधी गोंदाशिवाय सगळे एकदा जुळवून, गुण्या लावून काटकोन तपासावा. गोंद लावल्यावर क्लॅम्प आवळायचे ते गोंदाची बारीक रेघ बाहेर येईपर्यंतच. बाहेर आलेला गोंद तिथल्या तिथे ओल्या फडक्याने पुसायचा, नाहीतर पुढे तेल लावल्यावर त्या जागी पांढुरके डाग उठून दिसतात.

लोखंडी स्क्रू मुळीच नको. सागात, आणि बाभळीत तर जास्तच, टॅनिन नावाचे द्रव्य असते. लोखंड, पाणी आणि टॅनिन एकत्र आले की निळसर काळा रंग तयार होतो. जुन्या काळी लिहिण्याची शाई याच रसायनाने करत. ओट्यावरच्या ओल्या स्टँडमध्ये लोखंडी स्क्रूभोवती असेच काळे वर्तुळ उमटते आणि घासून जात नाही. स्क्रू लागलाच तर पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचा.

भोक पाडणे आणि घासणे

मोठे भोक होल सॉने एका बाजूने आरपार पाडले तर पलीकडे टवके उडतात, कारण शेवटच्या रेषांना मागून आधार नसतो. मधला बारीक ड्रिल पलीकडे डोकावला की थांबावे, फळी उलटावी आणि त्याच भोकात ड्रिल ठेवून दुसऱ्या बाजूने पाडावे. होल सॉ नसेल तर कंपासने वर्तुळ आखून, आत एक भोक पाडून जिगसॉने कापावे आणि अर्धगोल कानशीने काठ सारखा करावा. हे काम फळ्या जोडण्यापूर्वीच उरकावे.

घासण्याचा कागद ८०, १२०, १८० आणि मग २२० नंबरचा, रेषांच्या दिशेने. मधली पायरी गाळली तर जाड कागदाचे ओरखडे तसेच राहतात आणि तेल लागल्यावर डोळ्यांत भरतात. २२० नंतर फळी ओल्या फडक्याने पुसून वाळू द्यावी. दाबले गेलेले रेषे पाण्याने फुगून उभे राहतात आणि गुळगुळीत केलेली फळी पुन्हा खरखरीत लागते. त्यावरून २२० चा कागद हलकेच फिरवला की हा रोवा निघतो. रोज पाणी लागणाऱ्या वस्तूला ही पायरी टाळून चालत नाही. टाळली तर रोवा भेट घेणाऱ्याच्या घरी पहिल्याच आठवड्यात उठतो.

तेल, मेण की पॉलिश

लाखेचे पॉलिश सुरेख चमकते, पण या कामाला नालायक. लाख उष्णतेने मऊ पडते. ड्रिपरमध्ये पाणी ९० ते ९६ अंशांचे असते, आणि गरम ओल्या कडेखाली लाखेवर पांढरे कडे उमटते. पॉलियुरेथेनचा थर पाणी चांगले अडवतो, मात्र एकदा चरा पडला की पाणी थराखाली शिरते आणि दुरुस्तीसाठी सगळा थर खरवडावा लागतो.

घरच्या कामाला जवसाचे तेल बरे. ते उडून जाऊन सुकत नाही. हवेतला प्राणवायू घेऊन त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि लाकडाच्या नळ्यांत घट्ट होतात. म्हणून थर पातळ हवा. फडक्याने लावायचे, पंधरा-वीस मिनिटांनी वर उरलेले सगळे पुसून काढायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा. तीन-चार फेरे पुरतात. जाड थर वरून सुकतो, आत चिकट राहतो. कापलेल्या टोकांना मात्र जास्त तेल पाजावे. तिथूनच पाणी सर्वात जलद आत शिरते. शेवटी मधमाशीच्या मेणाचा हात.

तेल प्राणवायू घेताना उष्णता सोडते. फळीवर ती कळतही नाही, पण तेलाने भिजलेली फडकी चुरगळून डब्यात टाकली तर उष्णता कोंडते आणि फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती बाहेर उलगडून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून मग टाकावीत.

आतून आणि बाहेरून, वर आणि तळाला सारखेच तेल लागले पाहिजे. फळीची एकच बाजू पाणी पीत राहिली तर ती बाजू फुगते आणि फळीला बाक येतो. त्याच कारणासाठी खालच्या फळीला रबराची चार बुटकी बटणे लावून ती ओट्यावरच्या पाण्यापासून वर उचलतात. मगखाली खोलगट जागा करून लादीचा तुकडा बसवायचा असेल तर तो चिकटवू नये, आणि त्याच्या बाजूंना २-३ मिमी जागा सोडावी. लादी हलत नाही, लाकूड हलते.

┌ चौकट : एका नमुन्याची मापे ┐
वरची आणि खालची फळी : १९ × १२ × १.५ सेंमी, रेषे लांबीने.
उभ्या फळ्या दोन : १७ × १२ × १.५ सेंमी, रेषे उभे. दोन्ही टोके ५ मिमी खोबणीत.
मागची पट्टी : १६ × ३.५ × १.५ सेंमी.
मोकळी उंची १६ सेंमी. फक्त मगसाठी १३.
भोक : ड्रिपरच्या खालच्या भागापेक्षा ३-४ मिमी मोठे, बरोबर मध्यभागी.
सागवानात वजन : साधारण ८०० ग्रॅम.
└────────────────┘

पाठवताना

जवसाचे तेल हाताला कोरडे लागले तरी आतून पूर्ण घट्ट व्हायला दोन-तीन आठवडे घेते. त्याआधी स्टँड बबल रॅपमध्ये गुंडाळला तर फुग्यांचे ठसे फळीवर उमटतात आणि तेलाचा वास कोंडून राहतो. तारीख गाठायचीच असेल तर जुन्या सुती कापडात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवावा. हवाबंद प्लॅस्टिक टाळावे; पावसाळ्यात त्यात अडकलेल्या दमटपणाने बुरशी धरते. ड्रिपर सोबत देणार असाल तर तो भोकात बसवून पाठवू नये, वाटेत आदळून चिनी मातीला तडा जातो.

सोबतच्या चिठ्ठीत एवढे लिहिले तरी चालते : स्टँड सिंकमध्ये भिजत घालू नये, भांडी धुण्याच्या यंत्रात घालू नये, कॉफी सांडली तर लगेच पुसावी. दर काही महिन्यांनी फळीवर पाण्याचा एक थेंब टाकून पाहावा. तो गोल उभा राहिला तर काही करायचे नाही. पसरून मुरायला लागला तर चमचाभर तेल फडक्यावर घेऊन पुन्हा एक पातळ हात द्यायचा आणि रात्रभर सुकू द्यायचे.